कोरी कुंची

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

काल भाऊबीज झाली, घर आता शांत आहे. रेवूच्या शाळेतल्या बाईंनी सुट्टीत रोज एक पान लिहायला सांगितलंय. ती म्हणाली, "आजी, तू लिहिलंस तरच मी लिहीन." म्हणून ही वही. एकमेकींच्या वहीत डोकवायचं नाही असं ठरलंय. मी तिसरीत असताना आईला धाकटा झाला, त्याला सांभाळायला म्हणून चार दिवस घरी राहिले ती राहिलेच. जोडाक्षर आलं की थांबते, मग पुढे जाते.

रेवू म्हणजे रेवती, माझ्या दीपकची थोरली, सात वर्षांची. तिच्या पाठचा निमू, चार वर्षांचा. दीपक जहाजावर असतो, डिसेंबरात येईल. सून नम्रता, सावर्ड्याची, बालवाडीत शिकवते. तिला नववा लागलाय. वीस नोव्हेंबर तारीख दिली आहे आणि पाय वर करून पडून राहायला सांगितलंय. घरात पाचवे म्हणजे आमचे हे. त्यांना सगळं हातखंबा गाव आप्पा म्हणतं.

जपायला सांगितलंय कारण मागचं तसं झालं. गेल्या वर्षी मार्चात नम्रता सातव्यातच बाळंत झाली. मुलगा होता. अर्धा दिवस राहिला. पोरं लहान होती, त्यांना काही कळलं नाही. रेवूला सांगितलं की बाळ परत गेलं. तिने त्यानंतर एकदाही विचारलं नाही. लहान पोरांचं बरं असतं, विसरून जातात.

आमच्याकडे बाळ यायच्या आधी घरात कोरं काही आणत नाहीत. बारा दिवस दुसऱ्याच्या मुलाच्या अंगावरचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घालायचं. ज्याचं घालायचं ते मूल धडधाकट पाहिजे. मागच्या खेपेला कोणी ऐकलं नाही. दीपक रेवूला घेऊन मोठ्या दुकानात गेला आणि पिशव्या भरून नवं घेऊन आला. मी तेव्हा गप्प बसले. या खेपेला बसणार नाही असं नम्रताला सांगितलं. तिने वाद घातला नाही. म्हणाली, "आई, उकळून घ्यायचं तेवढं बघा. आणि जाताना मुलांना घेऊन जा. दोघं दिवसभर मोबाइलला चिकटलेली आहेत, तेवढंच शिकतील."

कपडे आणण्यात काय शिकायचं ते मला समजलं नाही. तिने चिठ्ठी करून दिली. मोजायचं, लहान-मोठं ओळीने लावायचं, जोड्या जुळवायच्या, दुकानात स्वतः विचारायचं. यांनी चिठ्ठी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "अगो, तिसरी नापास बाई एकदम मास्तरीण झाली की."

नापास नव्हते. परीक्षेलाच बसले नव्हते.

रविवार, २६ ऑक्टोबर

आजचा दिवस किती छान गेला. पाय दुखतायत, पण लिहिणार.

सकाळच्या एसटीने रत्नागिरीला गेलो. स्टँडच्या मागच्या गल्लीत कौसरभाभींचा गाळा आहे. त्या आणि त्यांच्या बचत गटातल्या बायका मुलांचे वापरलेले कपडे, पाळणे, खेळणी विकतात. निम्मा माल आखातातून परत आलेल्या घरांतला, त्यामुळे कापड चांगलं. कौसरभाभींची माझी ओळख जुनी आहे, त्यांच्या सासूबाई आमच्याकडून तांदूळ न्यायच्या. त्या बाईंच्या हातचं फणसाचं सांदण मी अजून विसरले नाही. असो.

मी चिठ्ठी काढली. झबली जमिनीवर चटईवर मांडली आणि पोरांना म्हटलं, सगळ्यात लहान इकडे, सगळ्यात मोठं तिकडे. रेवूने लावली. निमू म्हणाला सगळ्यात लहान मला होतं, आणि डोकं घातलं. डोकं गेलं, पुढे काही जाईना, मागेही येईना. कौसरभाभी म्हणाल्या, "आता ते झबलं मुलासकट घरी न्या, मी सुटं विकत नाही." निमूने ते खरं धरलं आणि आतूनच रडायला लागला. मग त्याला मोज्यांच्या टोपलीजवळ बसवला. एकसारखे दोन शोधायचे. नऊ जोड्या लावल्यान. दहावी लागेना तेव्हा एक निळा, एक पिवळा घेऊन म्हणाला, हे दोघे मित्र आहेत.

मी माझ्या पदरचाही एक धडा दिला, तो चिठ्ठीत नव्हता. वापरलेलं कापड ओळखायचं कसं? डोळे मिटून गालाला लावायचं. कोरं कापड गालावर उभं राहतं, वापरलेलं पसरतं. मग गळ्याशी बघायचं, दुधाचा डाग कितीही धुतला तरी सावलीसारखा उरतो. नाडीचं टोक बघायचं, बाळांनी चघळलेलं असतं. आणि शिवण उलटी करून वास घ्यायचा, खळीचा वास आला की समजायचं नवं. रेवूने एकदाच ऐकलं आणि पुढच्या प्रत्येक कपड्याला तसंच केलं. किती पटकन शिकते पोर. मला कोणी असं शिकवलं असतं तर मी कुठे असते कोण जाणे.

एक मात्र तिने भलतंच काढलं. कपडा पिशवीत टाकायच्या आधी विचारायची, "हे कुणाचं होतं?"

"माझ्या रेहानचं गो," कौसरभाभी म्हणाल्या.

"तो कुठे आहे आता?"

"कुवेतला. एसी दुरुस्त करतो. दाढी आहे त्याला एवढी."

रेवूने वहीत लिहिलं आणि मगच झबलं पिशवीत गेलं. पुढचं दुपटं कौसरभाभींच्या नातीचं, इरमचं. इरम बाहेर चिंचा खात होती. रेवू म्हणाली तिला बोलवा. ती आली. रेवूने तिला खालून वरपर्यंत बघितलं.

"कितवीत आहेस?"

"दुसरीत."

"तुला ताप येतो का?"

"कधी कधी. का?"

"पळून दाखव."

इरम गल्लीच्या टोकापर्यंत पळून आली. रेवूने लिहिलं. कौसरभाभी हसून म्हणाल्या, "तुमची नात गिऱ्हाईक नाय, फौजदार आहे." मला फार कौतुक वाटलं. यांच्यावर गेली आहे. हेही बैल घेताना त्याच्या आधीच्या मालकाची सात पिढ्यांची चौकशी करायचे.

पण त्यापायी चांगले चांगले कपडे राहिले. ज्याचं मूल माहीत नाही ते ती बाजूला ठेवी. एक कुंची तर अशी होती की काय सांगू. हिरव्या खणाची, लाल काठाची, पाठीवर दोऱ्याने भरलेलं कमळ. कौसरभाभींनाही ठाऊक नव्हतं कोणाची, कुठल्याशा गाठोड्यातून आली होती. रेवू म्हणाली, "नको." मी म्हटलं अगो बघ तरी. तिने हातसुद्धा लावला नाही.

रेवू निमूला घेऊन पाणी प्यायला गेली तेव्हा मी कुंची घेतली आणि पिशवीत तळाशी घातली. एसटीत काठ बाहेर आला. रेवूने विचारलं, "ही कुणाची?" मी म्हटलं, कौसरभाभींना आठवलं मागाहून, गुहागरच्या कुणा दीपालीच्या मुलाची आहे, पहिलीत जातो. तिने लगेच वही काढून लिहिलं.

एवढंसं खोटं. पण कुंची बघायला हवी.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

काल सगळं उकळलं. आज अंगणातल्या खळ्यात दोरी बांधून वाळत घातलं. पोरांना म्हटलं, हाही अभ्यास. जाड उन्हाच्या बाजूला, पातळ सावलीच्या. निमूने आपला हात दोरीवर वाळत घातला आणि उभा राहिला. हे म्हणाले, चिमटा लावू का?

संध्याकाळी रेवूने नम्रताला वहीतली यादी वाचून दाखवली. मी दारातून ऐकत होते. वहीत डोकवायचं नाही असं ठरलं होतं, ऐकायचं नाही असं ठरलं नव्हतं. झबलं, रेहान, दाढी आहे. दुपटं, इरम, दुसरी, पळते. टोपडं, तहा, सायकल चालवतो, एकदा पडला पण उठला. कुंची, गुहागर, पहिली. मोजे, मुसा, त्याचे दात पडले पण नवीन आले.

किती व्यवस्थित काम. मी नम्रताला म्हटलं, बघ, तुझ्या चिठ्ठीपेक्षा जास्त शिकली. नम्रता भिंतीकडे तोंड करून पडली आणि रेवूचा हात धरून ठेवला बराच वेळ. कंबर भरून आली असेल. मी तेल कोमट करून नेलं, तर म्हणाली आत्ता नको आई.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहावं की नको, सकाळपासून ठरत नाही. लिहिते.

काल दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होतो. रेवू प्रत्येक कपडा गालाला लावून मगच घडी घाली. मी मनात खूश, शिकवलेलं विसरली नाही. कुंचीची पाळी आली. तिने गालाला लावली आणि डोळे उघडले. गळ्याशी बघितलं. नाडी बघितली. मग शिवण उलटून वास घेतला.

"आजी, ही कोरी आहे."

"नाय गो. उकळली म्हणून तसं वाटतंय."

"नाडी कुणी बांधलेलीच नाही. गाठीची घडीच पडलेली नाही हिला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गुहागरच्या मुलाचं नाव काय?"

माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. आत्माराम. हे माझ्या वडलांचं नाव. पहिलीतल्या पोराचं आता आत्माराम कोण ठेवतं? घेताना मी ती गालाला लावून बघितलीच नव्हती. रेवू कुंची तशीच टाकून उठून गेली.

रात्री ती जेवली नाही. सकाळी बघते तर पेटीत कुंची नाही. हे गवत काढायला गेले तेव्हा पेंढ्याच्या उडवीखाली ओल्या मातीत पार आत कोंबलेली सापडली. चिखलाने भरलेली. हे घेऊन आले आणि म्हणाले, "ही कोणी पुरली?" रेवू ओटीवर उभी होती, तिच्या तोंडावरच दिसलं.

मी ओरडले. एवढी सुंदर वस्तू, एवढ्या हौसेने आणलेली, काय केलंस हे, बाळाची आहे ना ती. असं बरंच बोलले. ती मागे सरून खांबाला टेकली. मला वाटलं मला भ्याली. मग म्हणाली,

"नवीन आणलं की बाळ जातं. तूच सांगितलंस जनीआजीला. मागच्या वेळचे कपडे मी निवडले होते. लाल बदकांचे. पप्पा निळे घे म्हणत होते, मीच लाल घेतले."

यांनी कुंची ओटीवर ठेवली.

आता पुढे लिहवत नाही.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

मी बोलले होते. शेजारची जनी भेटायला आली होती, बाळ गेल्याचा तिसरा दिवस होता. ओटीवर बसून मी तिला म्हटलं, आधीच कोरे कपडे आणून ठेवले, म्हणून असं झालं. रेवू झोपाळ्यावर होती, ते आता आठवतं. तेव्हा दिसली नव्हती.

ही वही कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहिते. मी ते जनीला सांगत नव्हते. आत नम्रता पडली होती, तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलले होते. माझं ऐकलं नाहीत, आता भोगा, असं माझ्या मनात होतं. जिचं बाळ गेलं तिला मी ऐकवत होते. आणि ते उचललं कोणी, तर पोरीने. दीड वर्ष ती ते घेऊन फिरतेय आणि मी म्हणते विसरली. त्या गाळ्यात ती एकेका पोराला पळवून बघत होती, आणि मला वाटलं आजोबांवर गेली.

आज नम्रतापाशी जाऊन बसले. सगळं सांगितलं, मोठ्याने का बोलले तेही. ती छताकडे बघत होती.

"मला माहीत होतं, आई. मी ऐकलं होतं तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"मलाही काही दिवस तसंच वाटत होतं." मग म्हणाली, "रेवूच्या मनात आहे हे मंगळवारी यादी ऐकताना समजलं. कसं बोलावं सुचत नव्हतं. पाठवा तिला."

मी रेवूला आत पाठवलं आणि दाराबाहेर भाजी निवडत बसले. नम्रता तिला सांगत होती, बाळ फार लवकर आलं, त्याची छाती श्वास घ्यायला तयार झाली नव्हती, डॉक्टरांनी खूप केलं. कपडे तर त्याच्या अंगावर घातलेच नव्हते, पिशवीतून काढलेही नव्हते. रेवू काय बोलली ते ऐकू आलं नाही. मग दोघी रडत होत्या. मी माठाची भाजी निवडली ती सगळी देठं टोपात आणि पानं केरात.

नंतर नम्रताने मला हाक मारली. "माझं तिला पटेल हळूहळू. पण तिने ऐकलंय तुमचं, आई. तुम्ही सांगितल्याशिवाय ते जायचं नाही."

शनिवार, १ नोव्हेंबर

कालपासून शब्द जुळवत होते. आज पाटाच्या कडेला कुंची धुवायला नेली आणि रेवूला बरोबर घेतलं. चिखल निघाला, कमळाच्या एका पाकळीत राहिला थोडा. मी म्हटलं, रेवू, मी जनीआजीला बोलले ते खोटं होतं. मला रडू येत होतं म्हणून मी रागावले होते, आणि राग काढायला काही सापडेना म्हणून कपड्यांवर काढला. तू निवडलेले कपडे चांगले होते.

ती पाण्यात पाय हलवत राहिली. मग विचारलं, "मग आपण जुने कपडे का आणले?"

मी म्हटलं मऊ असतात म्हणून. हे अर्धं खरं.

"मग नवीन चालतं?"

"चालतं."

"ही ठेवायची?"

"ठेवायची."

ती माझ्याकडे बघत होती, तशीच, इरमकडे बघत होती तशी. कपडा गालाला लावून ओळखायला मीच शिकवलं तिला, माणसाचं ती आपली आपण शिकली. नुसत्या बोलण्याने व्हायचं नाही हे मला तिथेच समजलं.

रविवार, २ नोव्हेंबर

आज पुन्हा एसटीने गेलो, रेवू आणि मी दोघीच. निमू मागे लागला होता, यांनी त्याला गवताच्या भाऱ्यावर बसवून फिरवलं. स्टँडवर उतरल्यावर रेवू सवयीने मागच्या गल्लीकडे वळली. मी म्हटलं, तिकडे नाही. बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात गेलो, जिथे दीपक तिला घेऊन गेला होता. काच, थंडी वाजेल असा एसी, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत सगळं कोरं.

मी म्हटलं, बाळाला मोजे घ्यायचे. तू निवड.

ती मोज्यांसमोर उभी राहिली. दुकानातली मुलगी एकेक काढून दाखवत होती, पांढरे, पोपटी, अस्वलाचं तोंड असलेले. रेवू एकालाही हात लावीना. मुलगी मला म्हणाली, "आजी, तुम्हीच सांगा ना कुठले देऊ." मी म्हटलं, तिला वेळ दे.

मग रेवूने खालच्या खणातले बोटाने दाखवले. लाल बदकं होती त्यांच्यावर. तसलेच.

वाटलं, बाई गो, निळे घे, हिरवे घे, हे नको. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. मी हात काउंटरवर पसरून ठेवले. म्हटलं, छान आहेत. हेच द्या.

मुलीने विचारलं, पिशवी देऊ? रेवू म्हणाली, "नको, मी हातातच नेते."

एसटीत तिने एक मोजा बोटावर चढवला आणि हातखंबा येईपर्यंत खिडकीच्या काचेवर त्याला चालवत होती.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सुट्टी संपत आली. रेवूचं लिहिणं दोन दिवस बंद आहे. मी विचारलं तर म्हणते, "रोज काय लिहायचं, रोज काही होत नाही." म्हणजे बाईंना द्यायची पानं कमी पडणार. पडू देत.

पेटी भरून ठेवली आहे. खाली दुपटी, मग झबली, कुंची, आणि सगळ्यांत वर ते लाल मोजे. वर ठेवायचे असं रेवूने सांगितलंय. सकाळी नम्रताच्या पोटात जरा दुखल्यासारखं झालं आणि थांबलं. अजून सोळा दिवस आहेत. मी पेटीपाशी गेले, उघडली. वाटलं मोजे निदान तळाशी सरकवावे. बंद केली. परत गेले. यांनी ओटीवरून बघितलं, म्हणाले, "काय हरवलं गो?" म्हटलं काही नाही.

साठ वर्षं जे मनात बसलंय ते एका मोज्याच्या जोडीने निघत नाही. मी रेवूला नवीन चालतं म्हणून सांगितलं, आणि मला स्वतःला अजून भीती वाटते. खूप वाटते. पण ती मी कोणापुढे बोलणार नाही, जनीपुढे नाही, यांच्यापुढेही नाही.

रेवू आणि निमू खळ्यात आहेत. तिने त्याला शिक्षा म्हणून एका पायावर उभा केलाय आणि तो पडला की स्वतःच हसते आहे. नम्रता आतून विचारते, काय चाललंय बाहेर. मी सांगितलं, खेळतायत.

रेवूवरचं ओझं उतरलं, माझ्यावर आलं. बरं झालं. माझ्या वयाला ते झेपतं.